तिसऱ्या खोक्यातली पिल्लं

आमच्या घरात कोंबडी शिजायची ती फक्त शुक्रवारी, पण कोंबडीविषयी बोलणं मात्र सातही दिवस चालायचं. बाबा बहरीनमधल्या सित्र्याच्या एका गिरणीत कामाला होते. तिथं कोंबड्यांचं खाद्य तयार व्हायचं आणि ते मालकांच्याच शेडमध्ये जायचं. आम्ही राहायचो उम्म अल हस्समला, तीन मजली इमारतीत सगळ्यात वर. डोक्यावर फक्त गच्ची आणि पाण्याच्या टाक्या. सकाळी सहाला कंपनीची बस कोपऱ्यावर यायची आणि संध्याकाळी बाबांना परत आणून टाकायची. ते आले की आई त्यांना तसंच आत घ्यायची नाही. आधी जिन्यात उभं राहून शर्ट झटका, मग पाय टाका आत, असा तिचा हुकूम होता. मक्याचं पीठ त्यांच्या भुवयांवरसुद्धा बसलेलं असायचं. मी तेव्हा बारावीत होते, जिभेला धार होती आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. "ही कोणाच्या वळणावर गेली कळत नाही," असं आई म्हणायची आणि म्हणताना बाबांकडे बघायची.

आई गुहागरकडची. बहरीनला येऊन तिला पंधरा वर्षं झाली होती, तरी तिचं स्वयंपाकघर गुहागरातून हललं नव्हतं. मनामाच्या बाजारातून ती शेरी नाहीतर साफी मासा आणायची, नाव अरबी असलं तरी आमटीत तिरफळ पडायचंच. सुकट भाजायला घेतली की वास दोन जिने उतरून खाली जायचा. तिचा आणखी एक उद्योग होता, मंगळसूत्रं ओवायचा. बेटावरच्या कोकणातल्या बायकांपैकी कुणाचंही मंगळसूत्र तुटलं की ती बाई रुमालात मणी बांधून आमच्याकडे यायची. आई खिडकीपाशी बसून ओवायची, चार काळे, एक सोन्याचा, चार काळे, एक सोन्याचा, मधे वाट्या. सोन्याचा मणी एखादा हरवला असेल तर ती तिथंच थांबायची. "काळे पसाभर असून काय उपयोग? पुढं सरकायचं कसं?" हे तिचं नेहमीचं बोलणं. त्यात पुढं माझा सगळा धंदा सामावलेला आहे, हे तेव्हा मला काय माहीत. मी नंतर तीस वर्षं याच बेटावर खाद्याच्या प्रयोगशाळेत काढली आणि नव्या माणसांना अमिनो आम्लं शिकवताना दरवेळी आईचेच मणी सांगितले.

म्हणजे असं बघा. पिल्लाचं मांस, पिसं, रक्त, सगळं प्रथिनांचं. आणि प्रथिन म्हणजे ठरलेल्या क्रमानं ओवलेली माळ. अमिनो आम्लं हे तिचे मणी. त्यातले काही पिल्लू स्वतः करतं, काही त्याला खाद्यातूनच मिळावे लागतात. त्यातला एक मणी कमी पडला की बाकीचे कितीही असोत, माळ तिथंच अडते आणि पिल्लू वाढायचं थांबतं. मक्यात आणि तिळाच्या पेंडीत लायसिन नावाचा मणी कमी असतो. दुसरा एक, मेथिओनिन, तो तिळात भरपूर. म्हणून कमी पडेल ते वरून पूड मिसळून भरून काढायचं. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लू इतकं भराभर वाढतं, की तेव्हा ही पूड चुकली तर पुढं कितीही खायला घाला, गेलेलं परत येत नाही. माझा नातू हे ऐकून म्हणतो, "ओके आजी, सो इट्स लाइक लेगो." मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. चालायचंच.

ही पूड मिसळायचं काम बाबांचं. गिरणीत त्याला बारीक माल म्हणत. मका आणि पेंड यंत्रातून जायची, पण जीवनसत्त्वं, मीठ, लायसिन, मेथिओनिन हे हातानं तोलून बादलीतून घालावं लागे. गोणी देशोदेशींहून यायच्या, त्यांच्यावर कधी जर्मन लिहिलेलं, कधी जपानी, कधी आणखी काही. सित्र्याच्या दमट हवेत त्या फोडल्या की माल आठवड्यात दगड व्हायचा. म्हणून बाबा आलेला माल लगेच झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवायचे. त्या ड्रमवर एक अक्षर लिहिलेलं नसायचं. बाबा चिमूट उचलून नाकाशी धरायचे आणि सांगायचे, हे अमुक, हे तमुक. मका आतून बुरसलाय, पेंड जास्त तापलीय, मासळीचा भुगा जुना आहे, सगळं नाकानं. बंदरावरून ट्रक आला की आधी बाबांना बोलावणं जायचं. सातवी शिकलेल्या माणसाला तिथं सगळे उस्ताद म्हणत, ते या नाकापायी. ड्रमवर नावं लिहा, असं डॉक्टर त्यांना कितीदा म्हणाले असतील. बाबा हसून म्हणायचे, "डॉक्टर, अपने बच्चे के माथे पे नाम लिखते हो क्या?"

हे डॉक्टर म्हणजे डॉक्टर इद्रिस. सुदानचे, गुरांचे आणि कोंबड्यांचे डॉक्टर. गिरणीत खाद्याचं सूत्र तेच ठरवायचे. ताडमाड उंच, बोलायला मऊ, आणि आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बायको सलमा आणि तीन मुलांसह राहायचे. मला टायपिंग येतं म्हटल्यावर त्यांनी आपले रिपोर्ट माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. मी ते नुसते टाइप करणारी नव्हे. प्रत्येक ओळीला हे का, ते का, विचारून त्यांचं डोकं खायची. ते कधी वैतागले नाहीत, मला बिंती, म्हणजे माझी लेक, म्हणायचे. आपलं जुनं जाडजूड पुस्तक त्यांनी मला देऊन टाकलं आणि म्हणाले, "बिंती, तू हेच शिक. तुला प्रश्न पडतात." मुलगी आहे, बारावी झाली की लग्न करून टाका, असं म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ होते. तू शिक म्हणणारा हा पहिला माणूस, म्हणून माझा त्यांच्यावर जीव होता.

त्या वर्षी सोयाबीनच्या पेंडीची मारामार होती. डॉक्टरांनी अर्धी सोया काढून त्यांच्या देशातली तिळाची पेंड घातली, लायसिन वाढवलं आणि मालकांच्या थोरल्या मुलाला, युसुफला, सांगितलं की पिल्लांना फरक कळणारसुद्धा नाही. युसुफ परदेशात शिकून नुकताच कारभार बघायला लागला होता. त्याला तीळ पसंत नव्हते, पण त्यानं मान्य केलं. पहिले काही महिने सगळं ठीक चाललं. मग हिवाळ्याच्या तोंडाशी आलेली पिल्लं वाढेनात. एकाच दिवशी अंड्यातून निघालेली, पण एक मुठीएवढं तर दुसरं त्याच्या निम्मं. पिसं विस्कटलेली, पंख लोंबते, खाद्याशी नुसती चोच मारून बाजूला होणारी. त्यापुढची तुकडीही तशीच. युसुफनं पाण्यापासून लशीपर्यंत सगळं तपासून घेतलं आणि शेवटी बोट ठेवलं ते तिळाच्या पेंडीवर. डॉक्टरांना सांगण्यात आलं, महिना संपेपर्यंत आवरा, व्हिसा रद्द होईल.

सलमानं दुसऱ्या दिवशी आईला आपली मोठी पातेली आणून दिली. विमानात नेता येत नाहीत म्हणाली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून रडली. तिच्या धाकट्याला हृदयाचं दुखणं होतं, मनामातल्या इस्पितळात त्याच्यावर उपचार चालू होते. तिकडं गावी गेल्यावर ते कुठून होणार, हा तिचा प्रश्न होता. आईनं तिला चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. मी मात्र तरातरा खाली गेले. डॉक्टर पुस्तकं खोक्यात भरत बसले होते.

"तुम्ही मान्य कसं केलंत? सूत्रात चूक नाहीये. मी स्वतः टाइप केलंय, आकडे मला पाठ आहेत."

"खलास, बिंती. पिल्लं माझ्या पेंडीवर वाढली नाहीत, हे खरं आहे."

"मग कशामुळं नाही वाढली ते शोधू. मला पिल्लं द्या. मी गच्चीवर वाढवते."

ते हसले. मी हलले नाही. मला आठवतंय, मी दाराची चौकट धरून उभी होते आणि पिल्लं मिळाल्याशिवाय जाणार नाही असं सांगून टाकलं होतं. माणूस मुळात मऊ, त्यात थकलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका दिवसाची पिल्लं आणून दिली. माझा विचार साधा होता. पिल्लांना लायसिन कमी पडत असणार, कदाचित तिळाच्या पेंडीत आम्ही धरलं होतं त्याहून कमी असेल. तसं असेल तर वरून थोडं जास्त घातलं की पिल्लं सुधारतील, आणि पेंड वाचेल, डॉक्टरही वाचतील. गच्चीवर टाक्यांच्या आडोशाला फ्रिजची मोठी खोकी कापून तीन कप्पे केले, प्रत्येकात उबेला एक बल्ब. पहिल्यात गिरणीचं खाद्य जसंच्या तसं. दुसऱ्यात तेच खाद्य, वर जास्तीचं लायसिन. हे बाबांनी माझ्यासाठी गिरणीतल्या ड्रममधून पुडीत बांधून आणलं. तिसरं खोकं करायचं नव्हतं खरं तर. पण डॉक्टरांच्या कपाटात नमुन्याची एक सीलबंद बाटली होती, ती घेऊन टाक म्हणाले, मला आता काय करायची. म्हणून तिसऱ्यात तेच खाद्य, वर बाटलीतलं लायसिन. माझ्या मनात तेव्हा कसलाही संशय नव्हता. बाटली फुकट जाऊ नये एवढंच.

खाद्य कालवायला आई बसली. परातीत पीठ, वर पूड, दोन्ही हातांनी वरखाली. दुसऱ्या खोक्याचं कालवताना तिनं नाक मुरडलं. "शैले, ह्याला कुजक्या कोबीसारखा वास मारतोय गो."

"औषधं अशीच असतात आई. तू कालव."

ती पुडीकडे बघत राहिली, मग कालवायला लागली. एरवी ती एवढ्यावर थांबणारी बाई नव्हे, आणि मी शहाणी, मला ते खटकलंही नाही.

पुढचे दिवस मी शाळा आणि गच्ची एवढंच केलं. पिल्लांची चिवचिव जिन्यात ऐकू यायची. हिवाळा असल्यामुळे वारा बोचरा. मी आईच्या जुन्या साड्या खोक्यांभोवती गुंडाळल्या. एक दिवसाआड घरच्या तराजूवर प्रत्येक पिल्लू तोलायचं आणि वहीत लिहायचं. आईनं तो तराजू पुन्हा स्वयंपाकघरात घेतला नाही, ती गोष्ट वेगळी. आठवड्यानं डोळ्यांना दिसायला लागलं. पहिल्या खोक्यात लहानमोठी, पिसं विस्कटलेली. तिसऱ्यात सगळी एकसारखी, टपोरी, पायांवर घट्ट, हात घातला की धावत येणारी. आणि दुसऱ्यात, जिथं जास्तीचं लायसिन होतं, तिथं सगळ्यांत वाईट. पिल्लं कोपऱ्यात गोळा होऊन बसलेली, खाद्य तसंच. दहाव्या दिवशी मी वही घेऊन टाकीला टेकून बसले. तीच पिल्लं, तेच तीळ. बाटलीतल्या लायसिननं पिल्लं सुधारली आणि ड्रममधल्या लायसिननं बिघडली. मी तीनदा आकडे तपासले. मग उठून पुडी उघडली, बाटली उघडली आणि दोन्हींचा वास घेतला. बाटलीतल्या लायसिनला किंचित गुळचट वास होता. पुडीतल्याला कुजक्या कोबीचा. डॉक्टरांच्या पुस्तकात लिहिलं होतं, गंधकाचा असा वास मेथिओनिनचा. लायसिनच्या ड्रममध्येही मेथिओनिनच होतं. पिल्लांना जो मणी हवा तो मिळतच नव्हता, आणि जो आधीच भरपूर, तो दुप्पट जात होता.

ड्रम भरायचे बाबा. वास घ्यायचे बाबा.

बाबा आले, अंघोळ केली, खुर्चीत बसले. आई कांदा चिरत होती. मी त्यांच्यापुढं दोन वाट्या ठेवल्या. "बाबा, यातलं लायसिन कुठलं?"

"हे काय आता? परीक्षा घेतेस माझी?"

"सांगा ना. तुम्हाला तर लगेच कळतं."

त्यांनी एका वाटीतून चिमूट उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मग दुसरीतली. आईची सुरी थांबली होती. बाबांनी आईकडे पाहिलं आणि आईनं मान खाली घातली. त्या एका क्षणात मला सगळं कळलं, आणि हेही कळलं की आईला हे आधीपासून माहीत आहे.

"कधीपासून?" मी विचारलं. उत्तर आईनं दिलं. वर्ष झालं होतं. शेडमध्ये जंतू मारायला फॉर्मलिनची धुरी द्यायला एक माणूस कमी होता म्हणून बाबा गेले, तोंडाला नुसता पंचा बांधून, आणि त्यानंतर वास येणं बंद झालं. येईल परत, येईल परत, करत वर्ष गेलं. एकदा दूध करपलं होतं, घरभर वास, आणि बाबांनी त्याचाच चहा शांतपणे पिऊन टाकला, तेव्हा आईनं ओळखलं. गिरणीत त्यांनी निभावलं ते गोणींच्या रंगावर. मग पुरवठा करणारा बदलला, गोणी बदलल्या, आणि गोदामातल्या पिवळ्या बल्बाखाली दोन्हींची पूड सारखीच दिसली. कुणाला विचारावं तर उस्तादानं विचारायचं कसं.

"डॉक्टरांना काढलंय," मी म्हणाले. "तुमच्या चुकीपायी."

"हळू बोल. खाली ऐकू जाईल," आई म्हणाली.

"जाऊ दे ऐकू. खाली सलमा सामान बांधतेय."

"आणि मग आपण बांधायचं? तुझी बारावी अर्ध्यावर. डॉक्टरांकडे पदवी आहे, त्यांना कुठंही काम मिळेल. ह्यांना कोण देणार, वास येत नाही म्हटल्यावर? बोल ना, आता का गप्प?"

आई खोटं बोलत नव्हती, तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि तरी मला ते मान्य नव्हतं. मी म्हणाले, "सलमाच्या मुलाचं काय?" आई पुन्हा कांदा चिरायला लागली. बाबा माझ्यावर ओरडले, बापाला शिकवू नकोस, दोन बुकं वाचलीस म्हणून अक्कल आली नाही. मीही उलट बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्याची लाज मला आजही आहे. मग मी गच्चीवर गेले, पिल्लांना पाणी घातलं आणि ठरवलं की सकाळी मी एकटी खाली जाऊन डॉक्टरांना सगळं सांगणार. बाबांनी मारलं तरी चालेल. आईनं तोंड बघितलं नाही तरी चालेल. असं ठरवलं आणि रडले, कारण ते मला करायचं नव्हतं.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा कपडे करून बसले होते. पायाशी एक खोकं होतं. त्यात त्यांनी गच्चीवरून पिल्लं आणून ठेवली होती, प्रत्येक कप्प्यातली दोन.

"वही घे," ते म्हणाले. "बस येईल आता."

"मी येऊ?"

"मग? ते आकडे मी सांगू काय? युसुफला हिंदी येत नाही आणि मला तुझं ते शास्त्र येत नाही. चल."

आईनं डबा भरून दिला. खाली उतरताना तिनं बाबांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

कंपनीच्या बसमध्ये मुलगी चढलेली बघून सगळ्यांच्या माना वळल्या. बाबा मला खिडकीशी बसवून खोकं मांडीवर घेऊन बसले. वाटेत पूल लागतो, दोन्हीकडे उथळ पाणी, पलीकडे सित्र्याच्या कारखान्यांच्या चिमण्या. मला पिल्लांपेक्षा बाबांचे हात आठवतात. खोकं त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की पुठ्ठा चेमटला होता.

युसुफच्या ऑफिसात डॉक्टरही होते, किल्ल्या आणि कागद सोपवायला आलेले. बाबांनी खोकं टेबलावर ठेवलं. मी वही उघडली आणि इंग्रजीत सांगत गेले, पहिलं खोकं, दुसरं खोकं, तिसरं खोकं. तिसऱ्यातली दोन पिल्लं टेबलावर उभी राहून कागदांना चोची मारायला लागली. पहिल्यातली बसून राहिली. तिळाच्या पेंडीत काही खोट नाही, लायसिन मिळालं की पिल्लं वाढतात, हे मी ठासून सांगितलं. डॉक्टर खुर्चीतून उठून वही बघायला आले. युसुफनं विचारलं, "मग चूक कुठं झाली?"

इथपर्यंत माझा आवाज खणखणीत होता. आता मी बाबांकडे पाहिलं नाही. मी म्हणाले की गोदामात लायसिनच्या ड्रममध्ये चुकून मेथिओनिन गेलं असावं, गोणी नवीन होत्या, उजेड कमी होता. रात्रभर मी कुणाला वाचवायचं ठरवलं होतं आणि आता कुणाला वाचवत होते, ते माझं मलाच कळेना.

बाबांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण गिरणीत बारा वर्षं कानावरून गेलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं.

"माय मिस्टेक," ते म्हणाले. "डॉक्टर नो मिस्टेक. माय नोज फिनिश, वन इयर. आय नो टेल."

युसुफला आधी समजलं नाही. बाबांनी स्वतःच्या नाकाला बोट लावलं आणि परत म्हणाले, "फिनिश. मफी. नथिंग. डॉक्टर मस्ट स्टे. आय गो."

डॉक्टर इद्रिस बाबांकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. राग असता तर मला बरं वाटलं असतं. युसुफनं एवढंच सांगितलं की आजपासून उस्ताद बारीक मालाला हात लावणार नाहीत, गोदामाची किल्ली डॉक्टरांकडे द्यावी, बाकीचं वडिलांशी बोलून ठरवू, आज घरी जा. डॉक्टर राहिले. बाबांना आठवडाभरानं गोणी शिवायच्या यंत्रावर घातलं, आणि जे कालपर्यंत त्यांना उस्ताद म्हणत, त्यांच्या हाताखाली ते निवृत्त होईपर्यंत तिथंच शिवत राहिले. आमचा व्हिसा राहिला, माझी बारावी झाली, पुढचंही शिक्षण झालं. हे सगळं त्या सकाळी आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी आम्ही समजत होतो की आम्ही गेलो.

किल्ली देऊन आम्ही बाहेर अंगणात आलो. डॉक्टर मागोमाग आले आणि तुम्हाला घरी सोडतो म्हणाले. बाबा गाडीत बसले नाहीत. त्यांनी हिंदीत विचारलं, परवा निघालेलं खाद्य कुठल्या शेडमध्ये गेलंय. डॉक्टर म्हणाले, उद्या माणसं पाठवून काढून घेऊ, तुम्ही आता जा, विश्रांती घ्या. "कल?" बाबा म्हणाले. "बच्चे अभी खा रहे हैं."

आम्ही डॉक्टरांच्या गाडीतून बेटाच्या दुसऱ्या टोकाला शेडवर गेलो. चार दिवसांची पिल्लं, लांबच लांब रांगा, आणि प्रत्येक भांड्यात बाबांनी कालवलेलं खाद्य. बाबांनी बाह्या सारल्या, एक रिकामी गोणी माझ्या हातात दिली आणि पहिल्या भांड्याशी उकिडवे बसले. ते ओंजळीनं काढायचे, मी गोणीचं तोंड धरायची. निघताना डॉक्टरांनी गिरणीत लायसिनची नवी गोणी फोडून खाद्य कालवून घेतलं होतं, ते आमच्या मागून रिकाम्या भांड्यांत भरत होते. मला बाबांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता आणि हे त्यांना सांगायची हिंमत मला पुढंही कधी झाली नाही. दुपारपर्यंत ते माझ्याशी एकदाच बोलले. मी दमून भिंतीला टेकले होते, तेव्हा मागं न बघता म्हणाले, "शैला, तिकडं कोपऱ्यात एक भांडं राहिलंय बघ."